परतीच्या वाटेचा हक्क

पनवेलहून गोव्याच्या महामार्गाने दक्षिणेकडे निघाले, की पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव अशी गावे मागे पडत शंभरेक किलोमीटरवर लोणेरे लागते. तेथून आत वळणारा रस्ता गोरेगावला जातो. मुंबईच्या उपनगराशी नामसाधर्म्य असल्यामुळे रायगड जिल्ह्याबाहेर हे गाव चटकन कोणाच्या लक्षात येत नाही. हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात होता त्या काळात, ५ जून १८७९ रोजी, या गोरेगावात नारायण मल्हार जोशी यांचा जन्म झाला. मुंबईकरांच्या तोंडी त्यांचे नाव रोज येते, पण ते एका रस्त्याचे नाव म्हणून. लोअर परळचा जुना डिलाईल रोड आता ना. म. जोशी मार्ग आहे. गिरण्यांच्या भोंग्यांवर ज्या रस्त्याचा दिवस उगवत आणि मावळत असे, त्याला या माणसाचे नाव मिळावे हे सर्वस्वी उचितच होते.

भारतातील कामगार संघटनांचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो आणि त्या उल्लेखाबरोबर डोळ्यांसमोर येतो तो गिरणगाव. जोशी यांच्या कार्याचा एक धागा मात्र गिरणगावापासून फार दूर, आसाममधील चहाच्या मळ्यांपर्यंत गेलेला होता. त्या मळ्यांतील मजुरांशी त्यांचे ना भाषेचे नाते होते ना प्रांताचे. तरीही त्या मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या आयोगावर बसण्याची वेळ आली तेव्हा जोशी यांनी त्यासाठी जबर किंमत मोजली. ज्या संघटनेच्या स्थापनेत त्यांचा सिंहाचा वाटा होता, तीच त्यांना सोडावी लागली.

जोशी यांचे सुरुवातीचे आयुष्य त्या काळच्या एखाद्या सुशिक्षित कोकणस्थ तरुणासारखेच होते. शिक्षणासाठी ते पुण्याला गेले. न्यू इंग्लिश स्कूल आणि नंतर डेक्कन कॉलेज अशी वाट चालून १९०१ मध्ये ते पदवीधर झाले. त्यानंतरची सुमारे आठ वर्षे त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. हा मार्ग तसाच पुढे गेला असता, तर एक कर्तव्यदक्ष मुख्याध्यापक म्हणून ते निवृत्त झाले असते. परंतु १९०९ मध्ये ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत प्रवेश करणाऱ्याला तुटपुंज्या मानधनावर संसार चालवून उरलेले आयुष्य देशकार्याला द्यावे लागे. कोणत्याही प्रश्नावर मत देण्याआधी त्याचा कसून अभ्यास करायचा, आकडे गोळा करायचे, सरकारच्याच कागदपत्रांतून सरकारला कोंडीत पकडायचे, ही गोखल्यांची शिस्त होती. जोशी यांनी ती आयुष्यभर सांभाळली.

१९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना झाली आणि जोशी यांचा कामगारवस्तीशी खऱ्या अर्थाने संबंध आला. परळ, लालबाग, डिलाईल रोड या भागांतील चाळींमधून एकेका खोलीत दहा-दहा माणसे राहत होती. त्यांतील बहुतेक रत्नागिरी, कुलाबा, सातारा या जिल्ह्यांतून आलेली. लीगने त्यांच्यासाठी रात्रशाळा उघडल्या, वाचनालये आणि फिरती ग्रंथालये चालवली, सावकाराच्या व्याजातून सुटका व्हावी म्हणून सहकारी पतपेढ्या काढल्या. साथीच्या रोगांत आणि दुष्काळात स्वयंसेवक पाठवले. या कामातून जोशी यांना एक गोष्ट जवळून पाहता आली. गिरणी कामगाराचे हाल कितीही असले, तरी त्याच्या मागे एक गाव होते. शिमग्याला आणि गणपतीला तो गावी जात असे. संप लांबला, आजार जडला, बायको बाळंत व्हायची झाली, तर कोकणची किंवा घाटाची वाट त्याच्यासाठी उघडी होती. खाडीतल्या बोटीने म्हणा, पनवेलवरून जाणाऱ्या सडकेने म्हणा, तो घरी पोहोचू शकत होता. मालकाशी भांडण्याची त्याची ताकद बऱ्याच अंशी या परतीच्या वाटेत होती. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी सुमारे सहा महिने संप टिकवला, त्यामागे गावाकडच्या या आधाराचाही हात होता.

आसामच्या चहामळ्यातील मजुराजवळ नेमकी हीच वाट नव्हती.

ती का नव्हती, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८३९ मध्ये आसाम कंपनी स्थापन झाली आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात जंगले तोडून चहाची लागवड वाढू लागली. स्थानिक शेतकरी स्वतःची जमीन सोडून मळ्यावर राबायला तयार नव्हता. त्यामुळे छोटा नागपूर, संथाळ परगणा, ओरिसा, मध्य प्रांत, मद्रास इलाख्याचा उत्तर भाग येथून माणसे आणण्यात येऊ लागली. त्यांत आदिवासी आणि भूमिहीन अधिक. अर्काटी नावाचा दलाल खेड्यात येई, सुखाच्या नोकरीचे चित्र रंगवी, थोडी उचल हातावर ठेवी आणि माणसांना आगबोटीत चढवी. प्रवासातच पटकीने अनेकांचा अंत होई. उरलेल्यांना मळ्यावरील हिवताप आणि काळा आजार गाठी. मे १८६३ ते मे १८६६ या तीन वर्षांत सुमारे ८५ हजार मजूर आसामात आणले गेले. त्यांपैकी ३० हजारांहून अधिक जण जून १८६६ पर्यंत मरण पावले होते किंवा मळा सोडून नाहीसे झाले होते.

या परिस्थितीवर सरकारने कायदे केले, पण त्यांनी मजुराच्या पायातील बेडी अधिकच घट्ट केली. १८६५ च्या कायद्याने पुरुषाला महिना पाच, स्त्रीला चार आणि मुलाला तीन रुपये असे किमान वेतन ठरवून दिले. त्याच कायद्याने पळालेल्या मजुराला वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार मळेवाल्याला दिला. हा खासगी अटकेचा अधिकार १९०८ पर्यंत टिकून होता. याशिवाय १८५९ चा मजुरांच्या करारभंगाचा कायदा होताच. उचल घेतलेल्या मजुराने काम सोडले तर तो दिवाणी वादाचा विषय न राहता फौजदारी गुन्हा ठरे आणि त्याला तुरुंगात टाकता येई. मालकाने करार मोडला तर मात्र त्याला तुरुंगाची भीती नव्हती.

मळ्यावरचे आयुष्य कामाच्या एका मापाभोवती फिरत असे. दिवसाच्या नेमून दिलेल्या कामाला हाजिरा म्हणत. ते पूर्ण केले तर ठरलेली मजुरी मिळे, अपुरे राहिले तर ती कापली जाई. त्यावरच्या जादा कामाला टिका असे नाव होते. स्त्रिया पाठीवर टोपली बांधून दोन पाने आणि एक कळी खुडत आणि दिवसाअखेरीस तिचे वजन होई. ओल्या पानांतील पाण्यासाठी वजा केले जाणारे शेर, काट्यावरच्या कारकुनाची मर्जी, यांवर त्यांची कमाई ठरे. पुरुष कुदळीने माती खणत, झुडपांची छाटणी करत. मुलेही कामावर असत. कुटुंबातील सगळे हात राबले तरच चूल पेटे. राहण्याच्या झोपड्यांच्या रांगांना लाईन म्हणत. त्या मळ्याच्या जमिनीवर होत्या, त्यांच्याकडे जाणारा रस्ताही मळ्याचा होता आणि त्या रस्त्यावर मळ्याचा चौकीदार बसे. बाहेरच्या माणसाला परवानगीवाचून आत शिरता येत नसे. मळेवाल्यांची संघटना १८८१ पासून कलकत्त्यात काम करत होती. एका मळ्याने दुसऱ्या मळ्याचा मजूर जास्त मजुरी देऊन ओढून घेऊ नये, असा त्यांचा आपसांत करार होता. मजुरांची संघटना मात्र मळ्याच्या फाटकातून आत जाऊच शकत नव्हती.

१९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी तेथे गेले. कामाचे तास, बालमजुरी, स्त्रियांची बाळंतपणाची रजा हे विषय जगभरात कायद्याचे विषय होत आहेत, हे त्यांनी तेथे पाहिले. परत आल्यावर ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. लाला लजपतराय तिचे पहिले अध्यक्ष होते. संस्थापकांमध्ये जोशी अग्रभागी होते. १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नामनियुक्त प्रतिनिधी म्हणून ते बसू लागले आणि जवळजवळ स्वातंत्र्यापर्यंत ती जागा त्यांच्याकडे राहिली. त्याच वर्षी त्यांनी कामगार संघटनांना कायदेशीर संरक्षण देण्याचा ठराव कायदेमंडळात मांडला. त्यातून पुढे १९२६ चा कामगार संघटनांचा कायदा आला.

याच १९२१ साली चहामळ्यांच्या बंद फाटकाआड काय चालले आहे, ते अवघ्या देशाला दिसले. मे महिन्यात सुरमा खोऱ्यातील चारगोला भागातून हजारो मजूर बायकामुलांसह मळे सोडून बाहेर पडले. मजुरी इतकी घटली होती की पोट भरत नव्हते. असहकाराचे वारेही तेथपर्यंत पोहोचले होते. घरी परत जायचे, एवढाच त्यांचा निर्धार होता. करीमगंजमार्गे ते आज बांगलादेशात असलेल्या चांदपूरपर्यंत आले. तेथून पुढे आगबोटीने जायचे होते, पण त्यांना अडवण्यात आले. २० मेच्या रात्री चांदपूर स्थानकात झोपलेल्या या माणसांवर गुरखा शिपाई घालण्यात आले. पाठोपाठ पटकी आली. रेल्वे आणि आगबोटींवरील कामगारांनी सहानुभूतीने संप केला, दीनबंधू अँड्र्यूज धावून गेले. मजुरांनी काही मागितले नव्हते, ते फक्त घरी निघाले होते. घरी जाणे हाच जेथे अपराध ठरतो, तेथे कायद्यानेच माणसाला कसे जखडून टाकले आहे, हे या घटनेने उघड केले.

करारभंगाचा कायदा रद्द व्हावा ही मागणी त्यानंतर जोर धरू लागली. अखेर १९२५ मध्ये तो रद्द करण्याचा कायदा संमत झाला आणि एप्रिल १९२६ पासून काम सोडणे हा गुन्हा राहिला नाही. निदान कागदावर तरी मळ्यातील मजूर मोकळा झाला.

त्याआधी, १९२४ मध्ये, जोशी यांनी कायदेमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आणले होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काही आठवडे स्त्रीला कामावर लावू नये आणि त्या काळात तिला भत्ता मिळावा, असे त्याचे स्वरूप होते. या विधेयकात जोशी यांनी कारखाने आणि खाणी यांच्या जोडीला आसामच्या मजूर कायद्याखाली येणारे मळेही समाविष्ट केले होते. मुंबईतील एका कामगार पुढाऱ्याने गिरणीतल्या स्त्रियांपुरते विधेयक आणले असते तर कोणी बोट ठेवले नसते. पण चहा खुडणाऱ्या स्त्रीला त्यातून वगळायला जोशी तयार नव्हते. वास्तविक मळ्यावर स्त्रियांची संख्या मोठी होती आणि पाने खुडण्याचे मुख्य काम त्यांच्याच हातांवर अवलंबून होते. सरकारने विरोध केला आणि १९२५ मध्ये विधेयक फेटाळले गेले. मुंबई इलाख्यात कारखान्यांपुरता असा कायदा १९२९ मध्ये झाला. आसाम प्रांताने स्वतःचा प्रसूतिलाभ कायदा केला तो १९४४ मध्ये. जोशी यांच्या विधेयकापासून तेथवर दोन दशके लोटली होती आणि त्या दोन दशकांत किती स्त्रिया पोटातल्या मुलासह टोपलीचे ओझे वाहत राहिल्या, त्याची नोंद कोणत्याही कागदावर नाही.

जोशी यांच्या आयुष्यातील कसोटीचा क्षण आला तो १९२९ मध्ये. ब्रिटिश सरकारने त्या वर्षी जुलैत भारतातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक शाही आयोग नेमला. ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाचे माजी सभापती जे. एच. व्हिटली हे त्याचे अध्यक्ष होते. श्रीनिवास शास्त्री, घनश्यामदास बिर्ला, सर व्हिक्टर ससून, दिवाण चमनलाल अशी नावे सदस्यांत होती आणि त्यांत जोशीही होते.

हा काळ मात्र शांतपणे विचार करण्याचा नव्हता. सायमन आयोगावरील बहिष्काराच्या घोषणा अजून विरल्या नव्हत्या. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी देशभरातून कामगार पुढाऱ्यांची धरपकड झाली होती आणि ते तुरुंगात होते. जे सरकार कामगार पुढाऱ्यांना तुरुंगात टाकते, त्याच सरकारने नेमलेल्या आयोगावर बसून कामगारांचे भले कसे होणार, हा प्रश्न तरुण कार्यकर्ते विचारत होते आणि तो प्रश्न खोटा नव्हता. नोव्हेंबरच्या अखेरीस नागपूरला ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी पंडित जवाहरलाल नेहरू होते. आयोगावर बहिष्कार टाकण्याचा ठराव तेथे मंजूर झाला.

जोशी तेव्हा या संघटनेचे सरचिटणीस होते. १९२५ पासून ते पद त्यांच्याकडे होते. आयोगाचा राजीनामा देऊन संघटनेत राहणे त्यांना शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. इतर नेमस्त पुढाऱ्यांसह ते बाहेर पडले आणि वेगळा ट्रेड युनियन फेडरेशन उभा राहिला. नऊ वर्षे जपलेली संघटना दुभंगली. या फुटीबद्दल जोशी यांना पुढे बरीच टीका सोसावी लागली. सरकारधार्जिणे, सुधारणावादी, संघर्षाला घाबरणारे अशी विशेषणे त्यांना लावण्यात आली.

या निर्णयाचा हिशेब गिरणगावात उभे राहून केला, तर बहिष्कारवाल्यांची बाजू जड वाटते. मुंबईच्या कामगाराला आयोगाची तितकी गरज नव्हती. त्याच्याकडे संघटना होती, संप होता, सभा घ्यायला मैदान होते आणि परतायला गाव होते. चहामळ्याच्या फाटकावर उभे राहून पाहिले, की हिशेब बदलतो. त्या फाटकातून कामगार संघटना आत जाऊ शकत नव्हती, वर्तमानपत्राचा प्रतिनिधी जाऊ शकत नव्हता, काँग्रेसचा कार्यकर्ता जाऊ शकत नव्हता. शाही आयोगाला मात्र फाटक उघडावेच लागणार होते. आयोगाने केवळ मळ्यांचा विचार केला असे नव्हे. कारखाने, खाणी, रेल्वे असा त्याचा विस्तीर्ण पल्ला होता. तरी दार उघडण्याची दुसरी कोणतीही सोय जेथे नव्हती, असे ठिकाण म्हणजे मळेच.

आयोग आसाममध्ये गेला. बंगालच्या उत्तरेकडील डुआर्स भागातील मळेही त्याने चौकशीत घेतले. व्यवस्थापक, डॉक्टर, सरकारी अधिकारी आणि काही मजूर यांच्या साक्षी नोंदवल्या गेल्या. पुराव्यांच्या खंडांपैकी एक संपूर्ण खंड आसाम आणि डुआर्ससाठी आहे. मळ्यांच्या बाजूने रुग्णालये, मोफत औषधे, शेतीसाठी दिलेले जमिनीचे तुकडे यांचे दाखले देण्यात आले आणि ते सगळेच खोटे नव्हते. काही मळ्यांनी हिवतापाविरुद्ध खरोखर चांगले काम केले होते. परंतु मजुरी ठरवण्यात मजुराला कोणताच आवाज नव्हता. कायदा बदलला, तरी गावापासून शेकडो मैलांवर, भाड्याच्या पैशांवाचून आणि भाषेवाचून अडकलेल्या माणसाला मोकळेपणाचा उपयोग काय, हा प्रश्न शिल्लकच होता.

१९३१ मध्ये अहवाल आला. मळ्यांविषयीच्या त्याच्या शिफारशींमध्ये चार गोष्टी ठळक होत्या. १९०१ चा आसाम मजूर कायदा रद्द करून नवा कायदा करावा. बाहेरून आणलेल्या मजुराला तीन वर्षांनंतर मालकाच्या खर्चाने घरी परतण्याचा हक्क असावा आणि काही कारणांसाठी मुदतीआधीही परत पाठवण्याची सोय असावी. मजुरांच्या लाईनपर्यंत लोकांना जाता यावे. आणि मजुरी ठरवण्यासाठी वेतनमंडळाची यंत्रणा उभारावी.

यांतील परतीच्या हक्काचे काम सर्वांत लवकर झाले. १९३२ मध्ये चहाच्या जिल्ह्यांतील स्थलांतरित मजुरांचा कायदा संमत झाला आणि ऑक्टोबर १९३३ पासून तो अमलात आला. स्थलांतरित मजुरांसाठी एक नियंत्रक नेमण्यात आला. तीन वर्षे पुरी केलेल्या मजुराला कुटुंबासह घरी जाण्याचा खर्च मळ्याने द्यायचा, हे प्रथमच कायद्यात लिहिले गेले. बारा वर्षांपूर्वी चांदपूरच्या स्थानकात ज्या गोष्टीसाठी माणसांनी मार खाल्ला होता, ती आता हक्क झाली होती. वेतनमंडळाची शिफारस मात्र कागदावरच राहिली आणि लाईनच्या वाटाही सहजी खुल्या झाल्या नाहीत. आयोगावर विश्वास न ठेवणाऱ्यांचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे ठरले. चहाच्या मळ्यांवर कामगार संघटनांनी मूळ धरले ते स्वातंत्र्याच्या आगेमागे.

जोशी यांनी या यशाचा गाजावाजा केला नाही आणि अपयशाने ते कटूही झाले नाहीत. तिन्ही गोलमेज परिषदांना ते कामगारांची बाजू मांडायला गेले. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या नियामक मंडळावर त्यांनी काम केले. १९२९ ची फूट सांधण्याचे प्रयत्न चालूच होते. १९३८ मध्ये, पुन्हा नागपूरलाच, समेट झाला आणि १९४० मध्ये दोन्ही संघटना पूर्णपणे एक झाल्या. एक झालेल्या ट्रेड युनियन काँग्रेसने सरचिटणीस म्हणून निवड केली ती जोशी यांचीच. ज्यांनी त्यांच्यावर टीकेचे आसूड ओढले होते, त्यांच्याबरोबर त्यांनी १९४८ पर्यंत काम केले. मतभेद कितीही टोकाचे असले, तरी कामगारांचे हिशेब हा माणूस चोख ठेवील, याविषयी विरोधकांनाही शंका नव्हती.

मळ्यांच्या प्रश्नाची पुढची पायरी दुसऱ्या एका मराठी माणसाच्या हातून घडली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सरकारने कामगारांच्या स्थितीची नव्याने पाहणी करण्यासाठी द. वा. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रेगे यांनी मळ्यांविषयी लिहिलेला अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. शाही आयोगानंतर दीड दशक उलटूनही मजुरी, घरे आणि आरोग्य यांची स्थिती किती दयनीय आहे, ते त्यात आकडेवारीने मांडलेले होते. त्यानंतर मालक, मजूर आणि सरकार यांच्या परिषदा भरल्या आणि १९५१ मध्ये मळे कामगार कायदा झाला. पिण्याचे पाणी, घर, दवाखाना, मुलांची शाळा आणि पन्नास किंवा अधिक स्त्रिया काम करत असतील तेथे पाळणाघर, या गोष्टी मालकाच्या मर्जीवर न राहता कायद्याची जबाबदारी बनल्या. प्रौढ मजुराच्या कामाला आठवड्याला चोपन्न तासांची मर्यादा पडली. हा कायदा एप्रिल १९५४ मध्ये अमलात आला. जोशी यांना तो पाहता आला. पुढच्याच वर्षी, ३० मे १९५५ रोजी, त्यांचे निधन झाले.

कायदा झाला म्हणजे मळ्यावरील दुःख संपले असे नाही. घरांची दुरवस्था, मजुरीसाठीची आंदोलने, बंद पडलेल्या मळ्यांवरील उपासमार या बातम्या त्यानंतरच्या काळातही आसाम आणि उत्तर बंगालमधून येत राहिल्या. १९३२ चा कायदा १९७० मध्ये रद्द झाला, कारण तोवर मळ्यांवरचे मजूर तेथेच पिढ्यान्‌पिढ्या वसले होते आणि बाहेरून भरती जवळजवळ थांबली होती. १९५१ च्या कायद्यातील विषय २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्यविषयक संहितेत सामावून घेण्यात आले. परतीच्या खर्चाची कल्पना मात्र मळ्यांपुरती राहिली नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या कायद्यात जाण्यायेण्याच्या प्रवासभत्त्याची तरतूद आली.

त्या तरतुदीचे मोल किती आणि तिची अंमलबजावणी किती तोकडी, हे मार्च २०२० नंतर साऱ्या देशाने पाहिले. टाळेबंदी जाहीर झाली आणि काम, मजुरी, खोलीभाडे हे सारे एका दिवसात थांबले. मुंबई, ठाणे, नवी मुंबईतून निघालेली माणसे पाठीवर मुले आणि डोक्यावर बोचकी घेऊन महामार्गांवरून चालू लागली. पनवेलवरून पुण्याकडे आणि कोकणाकडे जाणाऱ्या सडकांवरही ही माणसे होती. मे महिन्यात पनवेल स्थानकातून श्रमिकांच्या विशेष गाड्या सुटल्या, तेव्हा भाडे कोणी द्यायचे यावर देशभर वाद झडत होते. मालकाने की सरकारने, की खिशात काहीच न उरलेल्या मजुराने, हा तो वाद होता. चांदपूरच्या फलाटावर १९२१ मध्ये उभा राहिलेला प्रश्न नव्याण्णव वर्षांनी पुन्हा फलाटावर आला होता.

पनवेलच्या परिसरात आज उंच इमारती उभ्या राहत आहेत, विमानतळ झाला आहे, रस्ते रुंदावत आहेत. या कामांवर राबणाऱ्यांत झारखंड, ओडिशा, छत्तीसगड, बंगाल येथून आलेले मजूर आहेत. एके काळी अर्काटी ज्या खेड्यांतून आसामसाठी माणसे गोळा करत, त्याच पट्ट्यातून ते येतात. त्यांना येथे आणणाऱ्या ठेकेदाराकडे आता फौजदारी करार नाही, खासगी अटकेचा अधिकार नाही. तरी अंगावर उचल असते, राहायला कामाच्या जागेवरचीच पत्र्याची खोली असते आणि हिशेब पुरा झाल्याशिवाय गावचे तिकीट हाती येत नाही.

येथून शंभर किलोमीटरवरच्या गोरेगावातून निघालेल्या एका माणसाने संघटनेतील आपले स्थान गमावून मजुरांच्या परतीच्या वाटेचा हा प्रश्न सरकारच्या दप्तरात आणि पुढे कायद्याच्या पुस्तकात नोंदवून घेण्यास हातभार लावला होता. ना. म. जोशी मार्गावरच्या गिरण्यांचे भोंगे कधीच थांबले आहेत. पनवेलच्या फलाटांवर मात्र बोचकी घेऊन गावच्या गाडीची वाट पाहणारी माणसे रोज दिसतात आणि त्यांच्यापैकी कितींच्या तिकिटाचे पैसे मालकाने दिले आहेत, हे कोणी विचारत नाही.